सातबाऱ्यावर नसलेला रकाना

पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमध्ये वीज चालू-बंद करणारा बारीक खटका, १९४७ साली बेल लॅब्जमध्ये तयार झाला, तो जर्मेनियमचा. पुढची काही वर्षं जर्मेनियमचंच राज्य होतं. त्याला कारणही होतं, कारण त्यातून इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा जास्त सहज धावतात. तरीही आज जगातल्या जवळजवळ सगळ्या चिप सिलिकॉनच्या आहेत. जर्मेनियमला उष्णता फारशी सोसत नाही, ही त्याची एक अडचण. दुसरी अडचण अशी की त्याच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर पाण्यात विरघळतो. सिलिकॉनवरचा थर चिवट असतो. १९५५ साली त्याच प्रयोगशाळेत कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांच्या भट्टीत अपघाताने पाण्याची वाफ तयार झाली आणि सिलिकॉनच्या चकतीवर काचेसारखं आवरण चढलं. हे आवरण खालच्या स्फटिकाला सांभाळतं आणि हवं तिथे खिडक्या पाडून आतलं काम करू देतं, हे त्यांच्या लक्षात आलं. आजच्या संगणकयुगाचा पाया त्या आवरणावर उभा आहे.

पुढे हा थर पातळ करत नेण्याचीच स्पर्धा लागली. ६५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या दाराशी (गेटखाली) असलेला ऑक्साइड १.२ नॅनोमीटरवर आला होता (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे साधारण पाच अणूंइतकी जाडी. याहून पातळ केला तर इलेक्ट्रॉन त्यातून सरळ पलीकडे गळू लागतात. मग २००७ साली इंटेलने तो थरच बदलून हाफनियम या धातूचा अंश असलेला केला. पाच अणूंच्या थरासाठी एका उद्योगाने आपली सगळी घडी मोडून नव्याने बसवली. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिपचा कारखाना म्हणजे थरावर थर चढवण्याचा आणि नको तिथला खरवडण्याचाच कारखाना. तेव्हा पातळ थराची किंमत या देशाला कळत नाही, असं म्हणायची सोय नाही.

माझी तक्रार अशी आहे की ती किंमत आपल्याला फक्त कारखान्याच्या बंद दाराआड कळते. दाराबाहेर, सार्वजनिक कामांत आणि जमिनीच्या कागदांत, आपली सगळी मापं जाडजूड वस्तूंची आहेत: घनमीटर, टन, ब्रास, हेक्टर. ज्या पातळ थरावर ती जाडजूड वस्तू तग धरून असते, त्याला ना माप, ना दर, ना वाली.

इमारतीच्या स्लॅबपासूनच सुरुवात करू. काँक्रीटमधली सळई गंजत का नाही, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. लोखंड, पाणी आणि हवा, तिन्ही तिथे असतात. पण ताजं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२.५ ते १३ च्या आसपास जातो. त्या वातावरणात सळईवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. तो टिकतो तोवर सळई सुरक्षित. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरत जातो, त्याची अल्कता मारत सळईपर्यंत पोचतो आणि पापुद्रा फुटतो. समुद्राकाठी खारी हवा हेच काम आणखी लवकर उरकते. मग गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडते. मुंबईत, ठाण्यात, रत्नागिरीत कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीखाली मान वर करून बघा, तांबूस उघडी पडलेली जाळी दिसेल.

पापुद्रा वाचवायचा तर सळईच्या बाहेर पुरेसं काँक्रीट हवं. यालाच बांधकामावर ‘कव्हर’ म्हणतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात ते लिहून ठेवलं आहे: सौम्य हवेत २० मिलिमीटर, किनारी हवेत उघड्या काँक्रीटला ४५. सळया सेंट्रिंगच्या फळीला टेकू नयेत म्हणून खाली छोटे कव्हर ब्लॉक ठेवायचे, एवढंच काम. प्रत्यक्षात काय होतं, ते स्लॅब टाकायच्या दिवशी साइटवर जाऊन बघावं. ब्लॉक कमी पडले की बिगारी खडीतला एखादा चपटा दगड सारतो. मग काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं जाळीवरूनच ये-जा करतात, दगड निसटतो आणि जाळी फळीला जाऊन बसते. संध्याकाळी वरून सगळं गुळगुळीत. खालून फळ्या निघेपर्यंत प्लॅस्टरवाला हजर असतो.

इथे एक गणित आहे, आणि ते माझ्या मते प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या फलकावर लावायला हवं. कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कव्हर निम्मं झालं तर सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. चाळीस वर्षं टिकायची ती राखण दहा वर्षांत संपते. दोन-अडीच सेंटीमीटरच्या चुकीची एवढी किंमत. आणि बिल कशाचं निघतं? काँक्रीटचं घनमीटरवर, लोखंडाचं टनावर. कव्हरची वेगळी बाब नसते, ते ‘त्यातच आलं’. ज्याचा दर नाही त्याची मोजणीही होत नाही, हा आपल्याकडच्या मेजरमेंट बुकाचा अलिखित नियम आहे. वास्तविक भिंतीवर फिरवून आतल्या सळईची खोली सांगणारं कव्हर मीटर नावाचं यंत्र बाजारात मिळतं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, तिथे ते वापरलंही जातं. म्हणजे दुखणं जडल्यावर आपण मोजतो. स्लॅब नवा असताना तेच यंत्र फिरवून, त्याचं वाचन जोडल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही, अशी एका ओळीची अट सार्वजनिक बांधकामाच्या निविदांत का असू नये? एरवी निविदांमध्ये पानंच्या पानं अटी असतातच.

आता जमिनीकडे.

देशातल्या मातीच्या धुपीचा एक जुना अंदाज १९८३ सालचा आहे आणि तो अजूनही सगळीकडे दिला जातो: वर्षाला हेक्टरी सुमारे १६ टन. आकडा ऐकून माणूस दचकतो. पण त्याची जाडी काढा. मातीची घनता लक्षात घेतली तर भरते सव्वा मिलिमीटर. सव्वा मिलिमीटर कुणाच्या डोळ्याला दिसणार? शेतकरी रोज बांधावर उभा राहिला तरी दिसायचं नाही. सेंटीमीटरभर माती तयार व्हायला शतकं लागतात आणि या हिशोबाने ती आठ वर्षांत जाते. त्यात गेलेला सव्वा मिलिमीटर वरचा असतो. सेंद्रिय अंश, जिवाणू, खतातला स्फुरद, सगळं त्या वरच्याच भागात जास्त. दुष्काळी पट्ट्यात हे फार पूर्वीच ध्यानात आलं होतं. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि १९४२ साली मुंबई प्रांताने जमीन सुधारणा कायदा करून समपातळीतल्या बांधांना बळ दिलं. ब्रिटिश अमदानीतल्या कारभाराला मातीच्या थराचं जेवढं भान होतं, तेवढं आजच्या महसुली कागदाला नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

कारण आजचा कागद मातीला दोनच प्रकारे ओळखतो. सातबाऱ्यावर ती क्षेत्रफळ असते: इतके हेक्टर, इतके आर. आणि खणून नेली की गौण खनिज होते, तेव्हा ती ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एका एकरातली वीतभर माती उचलली तर सव्वातीनशे ब्रासच्या आसपास भरते. तेवढ्याचं स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलं, परवाना घेतला, की सरकारदरबारी व्यवहार चोख. वीटभट्टीवाल्याने नेलेली ही वीतभर शेताची वरची होती की नाल्याच्या तळातली, हे पावतीवर कुठेच येत नाही. दोन्हीची जात एकच, ब्रास. शेतकरी माती विकतो तेव्हा त्याला दोष देण्यात मला रस नाही. मुलीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज समोर असताना पुढच्या वीस हंगामांचा हिशोब कोण मांडतो? पण त्याला जो दर मिळतो तो भरावाच्या मातीचा, आणि तो विकत असतो पिकाचा थर. ही फसवणूक कुणी एक माणूस करत नाही. मापच फसवतं.

थराला नाव देता येतं, याचं उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये राखेबाबत अधिसूचना काढली. औष्णिक वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी विटांत राख मिसळावी, असं त्यात होतं, आणि कारणांमध्ये सुपीक वरच्या मातीचं संरक्षण हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे हे अंतर वाढवत नेलं. अंमलबजावणी कशी झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय. मला एवढंच दाखवायचं आहे की वरची माती आणि खालची माती यांत फरक करणं सरकारला जमतं.

सगळ्यात वाईट अवस्था आहे ती कोकणातल्या सड्यांची. जांभ्याचे हे सपाट कातळ उन्हाळ्यात बघितले तर ओसाड म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. काळे, तापलेले, पाय ठेवू नये असे. बऱ्याच ठिकाणी माती दोन बोटंसुद्धा नाही, फटींत आणि खळग्यांत काय साठली असेल तेवढीच. पहिला पाऊस झाला की त्या दोन बोटांतून पांढरी दीपकाडी वर येते. ती कोकण-गोव्याच्या या कातळांपलीकडे क्वचितच सापडते. जुलै-ऑगस्टात ओल्या खळग्यांभोवती गेंदाचे पांढरे ठिपके आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुळाशी मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक पिशव्या असतात. एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात पिशवी त्याला आत ओढते. ही उठाठेव तिला का करावी लागते? मातीत नायट्रोजन नाही म्हणून. म्हणजे थर पातळ आणि निकस आहे, म्हणूनच तिथे हे जीवन आहे. त्यावर बाहेरून सुपीक माती आणून ओता, गवत माजेल आणि ही मंडळी एका-दोन पावसाळ्यांत नाहीशी होतील. सड्यावर सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरच्या मातीत कलमं लावतात, तिथे हेच घडताना दिसतं. मातीचा थर जाड केला की जमीन सुधारली, हे शेतीच्या पुस्तकातलं सत्य सड्यावर लागू होत नाही.

साताऱ्याजवळचं कास याच जातीचं पठार, फक्त उंचावरचं. २०१२ साली पश्चिम घाटाची ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांत कासचा समावेश झाला आणि त्या पठाराचं नशीब उघडलं. आता तिथे तिकीट आहे, रोजच्या माणसांवर मर्यादा आहे, टोपली कारवी सात वर्षांनी फुलली की बातमी होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांना असं काही नाही. तिथल्या कातळशिल्पांमुळे काही सड्यांकडे लक्ष गेलं आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली, तेही माणसाने कोरलेलं काहीतरी तिथे होतं म्हणून. बाकी सडा महसुली भाषेत पोटखराबा: खडकाळ, लागवडीस अयोग्य, आकारणी शून्य. उपग्रहावरून केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशातही खडकाळ जागांना वेगळा गट आहे, आणि त्याचा मथळाच पडीक असा. एकदा कागदावर ‘काही नाही’ असं लिहिलं गेलं की तिथे काहीही आणायला कुणाची हरकत उरत नाही. चिरेखाण, डंपिंग, सौरऊर्जेची पॅनेलं, प्लॉटिंग. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात एकच वाक्य सापडतं: जमीन पडीक असल्याने पर्यावरणाची हानी नगण्य.

चिऱ्याचं काय करायचं, असा रास्त प्रश्न इथे येतोच. जांभ्याचा चिरा म्हणजे कोकणातलं घर. सिमेंटच्या ठोकळ्यापेक्षा तो थंड, स्वस्त आणि जवळचा. शिवाय त्या खाणीवर गावातली पोरं कामाला असतात. चिरेखाणी बंद करा म्हणणारा माणूस बहुधा चिऱ्याच्या घरात सुट्टीपुरता राहतो. मी ते म्हणत नाही. पण चिरा काढण्याआधी वरचा थर जेसीबीने एका बाजूला ढकलून त्याचा ढिगारा करायचा, ही आजची पद्धत आहे. मोठ्या खनिजांच्या खाणींसाठी केंद्राची २०१७ ची खनिज संवर्धन नियमावली आहे. तिच्यात वरची माती वेगळी काढा, वेगळी ठेवा, पुन्हा वापरा, असा नियम आहे. ती नियमावली गौण खनिजांना लागूच नाही, कारण चिरा, मुरूम, माती हा राज्यांचा अधिकार. म्हणजे लोहखनिजाच्या खाणीवरच्या मातीची काळजी केंद्राच्या नियमावलीला आहे, आणि जिथे माती सगळ्यात पातळ आहे तिथे ती नियमावलीच पोचत नाही. सड्याच्या बाबतीत तर नुसती माती साठवून भागणारही नाही. खळगे आणि त्यांत पाणी धरणारा उतार हे सगळं मिळून तो थर बनतो. तिथे एकच उपाय, परवाना देतानाच काही तुकडे न छेडता सोडायचे. त्यासाठी कायदाही नवा नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली राज्याला वारसास्थळं जाहीर करता येतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एका लहानशा माशासाठी २०२१ मध्ये तसं केलंही आहे.

तलाठ्याने आता मातीची जाडीही मोजायची का, असं कुणी कुत्सितपणे विचारेल. त्याची गरज नाही. मृद सर्वेक्षण आणि भू-वापर नियोजनाची राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे आणि तिच्या नकाशांत मातीच्या खोलीनुसार वर्ग पाडलेले असतात. ती माहिती सातबाऱ्याला जोडलेली नाही, एवढीच उणीव. २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणी करून पीक नोंदवतो, ते सातबाऱ्यावर येतं. ज्या कागदावर दर हंगामाला पिकाची नोंद चढते, त्याच्यावर शतकांनी बदलणाऱ्या खोलीचा एक रकाना चढवणं अवघड असायचं कारण नाही. तो आला की बँकेपासून खाणीच्या परवान्यापर्यंत सगळ्यांना तो वाचावा लागेल.

मोजमापाचा मी इतका हट्ट धरतो, त्याला ओझोनचा इतिहास कारण आहे. वातावरणातला सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. गॉर्डन डॉबसन यांनी १९२० च्या दशकात तो मोजायचं यंत्र बनवलं. अंटार्क्टिकातल्या हॅली इथल्या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षानुवर्षं ते कंटाळवाणं वाचन घेतलं जात होतं. आपल्याकडे पुण्याच्या वेधशाळेनेही, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसने, ओझोन मोजण्याचं काम दशकानुदशकं केलं आहे. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये फ्रीज आणि स्प्रेमधल्या वायूंबद्दल इशारा दिला होता, पण तो कागदावर होता. हॅलीच्या वह्यांतली घसरण फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये छापली आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियल करार झाला. जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केलेला तो पहिला असा करार. तीन मिलिमीटर वाचले, कारण कुणीतरी ते आधीपासून मोजत होतं आणि जुन्या आकड्याशी नवा आकडा ताडून बघता आला.

कायद्याला बारीक मापाचं वावडं नाही, हे प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीही दाखवलं आहे. देशभरच्या नियमात पिशवीची किमान जाडी सप्टेंबर २०२१ अखेर ७५ मायक्रॉन झाली, डिसेंबर २०२२ अखेर १२०. पालिकेचा माणूस बाजारात गेज घेऊन फिरतो. तिथे पातळपणा हाच गुन्हा ठरवला, आणि ते योग्यच होतं. वेफर्सच्या पाकिटातही प्लॅस्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा काही डझन नॅनोमीटरचा मुलामा असतो. त्याने वेफर्स कुरकुरीत राहतात, पण तो मुलामा प्लॅस्टिकपासून सोडवणं परवडत नाही, म्हणून पाकीट भंगारवालाही उचलत नाही. तेव्हा पातळ ते सगळं पूज्य, असं माझं म्हणणं नाही. बाजारातली पिशवी मायक्रॉनपर्यंत मोजणारं सरकार सड्यावरची माती सेंटीमीटरमध्येही मोजत नाही, ही विसंगती मात्र खटकते.

थर न मोजण्याचा खर्च शेवटी आपणच भरतो, आणि तोही घनमीटरमध्ये. महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तलावात आणि धरणांत साठलेला गाळ पोकलेनने काढून शेतात पसरायचा. योजना उपयोगी आहे, गाळ पडलेल्या शेतात पीक सुधारलेलं अनेकांनी पाहिलं आहे. पण हा गाळ कुठून आला? वरच्या शेतांतून, वर्षाला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर करत. जाताना त्याची नोंद कुणी केली नाही. आता तो काढताना यंत्राचे तास, डिझेल आणि ट्रॅक्टरच्या खेपा यांचा पै-पैचा हिशोब आहे. त्यात वाहतूक महाग, म्हणून गाळ जातो तो बहुतेक तलावाच्या आसपासच्या शेतांत, ज्यांना एरवीही पाणी जवळ असतं. ज्या उतारावरच्या कोरडवाहू वावरातून तो मुळात वाहून आला, तिथवर खेप परवडत नाही. या योजनेत गाळाच्या प्रत्येक घनमीटरमागे काही रक्कम त्याच पाणलोटातल्या वरच्या शेतांच्या बांधबंदिस्तीसाठी बाजूला काढायला हवी, आणि ती त्या शेतकऱ्यांच्या खात्यावर थेट जायला हवी.